‘राहिलं का?’ हा प्रश्न आता थांबवू या

(बी. ए. अंतिम वर्ष, साहित्य)

आपल्या शहरात कुठल्याही मोठ्या रस्त्याने जा, हसऱ्या बाळाचा फोटो असलेला एखादा फलक दिसतोच. कन्नड, इंग्रजी, क्वचित मराठी अक्षरं: ‘टेस्ट ट्यूब बेबी सेंटर’. शेजारी यशाची टक्केवारी, खाली हप्त्यांची सोय. विषय असा चौकात टांगलेला आहे. पण घरात, चर्चच्या आवारात आणि आपल्या मंडळाच्या बैठकीत तो निघाला की सगळ्यांचे आवाज खाली जातात. हा विषय डॉक्टरांचा तरी असतो, नाहीतर ‘बायकांचा’.

मला वाटतं तो आपलाही आहे. आपण विशीतली मुलंमुली उद्या कुणाचे तरी नवरे, बायका, दीर, नणंदा होणार आहोत. शिवाय आपण साहित्याचे विद्यार्थी आहोत, आणि आयव्हीएफ उपचारातल्या एका टप्प्यावर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या टप्प्यावर, आपल्या भाषेमुळे बायकांना जो त्रास होतो तो औषधांच्या त्रासाहून कमी नाही. माझं म्हणणं साधं आहे. त्या टप्प्यानंतर ‘राहिलं का?’ असं विचारणं आपण बंद करावं. का, ते सांगते.

आधी प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. दहाबारा दिवस रोज इंजेक्शनं घेऊन अंडाशयात एकाच वेळी अनेक बीजं वाढवली जातात. मग भूल देऊन ती सुईने बाहेर काढतात. प्रयोगशाळेत बीज आणि शुक्राणू एकत्र आणतात. फलन झालं की भ्रूण तयार होतो. तिसऱ्या दिवशी तो साधारण सहा ते आठ पेशींचा असतो. पाचव्या दिवसापर्यंत टिकला तर शंभरेक पेशींचा पोकळ गोळा होतो, त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. यातला एक, फार तर दोन निवडून गर्भाशयात सोडतात. उरलेले द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवून ठेवता येतात.

सोडण्याचा हा टप्पा आधीच्या खटाटोपाच्या मानाने अगदी छोटा. बहुतेक वेळा भूलही लागत नाही. बाईला भरपूर पाणी पिऊन यायला सांगतात, कारण मूत्राशय भरलेलं असलं की सोनोग्राफीत गर्भाशय नीट दिसतं. एक पातळ, मऊ नळी आत जाते. पडद्यावर एक पांढरा ठिपका चमकतो आणि नवरा-बायको त्या ठिपक्याकडे डोळे लावून बसतात. पण तो ठिपका भ्रूण नसतोच. तो भ्रूणासोबत नळीत घेतलेल्या हवेचा बुडबुडा असतो. भ्रूण स्वतः मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या भागाएवढा, तो सोनोग्राफीत दिसत नाही. नळी बाहेर आल्यावर लॅबमधले लोक ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, भ्रूण आतच चिकटून राहिला नाही ना म्हणून. मग ‘झालं’ म्हणतात. सगळं मिळून पाचदहा मिनिटं.

त्यानंतरचं काम जगातला कुठलाही डॉक्टर करत नाही. भ्रूण आपल्या कवचातून बाहेर येतो आणि गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो, किंवा रुजत नाही. कळतं ते साधारण दोन आठवड्यांनी, रक्ताच्या तपासणीत.

आता शब्दाकडे येऊ. मराठीत या टप्प्याला ‘भ्रूण प्रत्यारोपण’ किंवा ‘भ्रूणरोपण’ असं म्हणतात. डॉक्टर मंडळी मात्र दोन वेगळे शब्द वापरतात, ट्रान्सफर आणि इम्प्लांटेशन. पहिली क्रिया माणसाच्या हातातली, दुसरी कुणाच्याच हातातली नाही. आपण दोन्हींना ‘रोपण’ चिकटवलं आणि फरक पुसून टाकला. खानापूरकडे भाताची लावण पाहिलेल्यांना माझा मुद्दा लगेच कळेल. लावलेलं रोप चिखलात उभं दिसतं. ते लागलेलं असतं, पुढे त्याला जगवायचं एवढंच उरतं. मग ते मेलं तर लोक म्हणतात जमीन वाईट, नाहीतर राखण नीट झाली नाही. ‘रोपण’ म्हटलं की हीच सगळी समजूत बाईच्या अंगावर येते. डॉक्टरांनी तर लावून दिलं होतं, हिच्याकडेच टिकलं नाही! खरं पाहता लागलेलंच काही नव्हतं. एक भ्रूण फक्त आत सोडला होता.

म्हणून मला दवाखान्यातल्या सिस्टरांची बोली जास्त प्रामाणिक वाटते. त्या म्हणतात, ‘एम्ब्रियो आत सोडला’. सोडणं हे डॉक्टरांचं काम, रुजणं हे भ्रूणाचं. दोन क्रियापदं आणि त्यांचे दोन कर्ते. बाई या दोन्ही वाक्यांची कर्ता नाही, हे व्याकरण आपण नीट शिकलो तरी निम्मं काम होईल.

कारण आपल्या बाकीच्या भाषेत सगळ्या क्रियापदांची कर्ता तीच असते. तिची कूस उजवते, तिला दिवस जातात, तिला राहत नाही, तिचं ‘फेल जातं’. पुरुषासाठी या अर्थाचा एकही वाक्प्रचार मला आठवत नाही. ‘वांझ’ला पुल्लिंगी जोड शोधायला गेलं की गाडी अडते. वैद्यकशास्त्र मात्र कधीचं सांगतंय की मूल न होण्याच्या कारणांत पुरुषाच्या बाजूच्या कारणांचा मोठा वाटा असतो. भ्रूण न रुजण्याचं एक फार मोठं कारण गुणसूत्रांतला दोष हे आहे. बाईचं वय वाढेल तसं, विशेषतः पस्तिशीनंतर, बीजांत हा दोष वाढत जातो. तो दोष भ्रूण आत सोडण्याआधीच ठरलेला असतो. नंतर ती जिना चढली की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि जिना तर चढूच देत नाहीत. भ्रूण सोडल्यानंतरच्या त्या दोन आठवड्यांत घरोघरी काय चालतं ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पाय उंच ठेव, खोकू नकोस, कूस बदलताना हळू, लघवीला जाताना जोर लावू नकोस, पपई घरात आणू नका. जणू उभं राहिलं की ते खाली पडणार! गर्भाशय म्हणजे रिकामी पिशवी नव्हे. त्याच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, आणि इतका सूक्ष्म भ्रूण त्यांच्यामध्ये असतो. शिंकेने तो पडत नाही. सक्तीने झोपवून ठेवल्याने यश वाढतं असं संशोधनात दिसलेलं नाही, आणि बरेच डॉक्टर आता रोजचे साधे व्यवहार चालू ठेवायला सांगतात. पण घरच्यांचं झोपवणं काही थांबत नाही. त्याचा परिणाम असा की चौदा दिवसांनी उत्तर ‘नाही’ आलं की ती बाई आपल्या प्रत्येक हालचालीचा हिशोब मांडत बसते. मंगळवारी बादली उचलली होती, त्यानेच झालं असेल. ही अपराधी भावना औषधाने आलेली नाही. ती आपण सगळ्यांनी काळजीच्या नावाखाली तिच्या उशाशी ठेवलेली असते.

इथे एक अनुभव सांगते. नात्यातल्या एका मावशीबरोबर मी अशा दवाखान्यात गेले होते. ट्रान्सफरच्या आधी सही करायचा संमतिपत्राचा फॉर्म इंग्रजीत होता. मावशीचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं, घरात कोंकणी, बाजारात कन्नड, इंग्रजी जेमतेम. ती म्हणाली, “तू इंग्लिश शिकालीस नव्हे? वाच बघू काय म्हणतंय ते.” मी वाचायला लागले. किती भ्रूण सोडायचे, जुळं राहिलं तर धोके काय, नवरा-बायकोपैकी एकाचं बरंवाईट झालं तर गोठवलेल्या भ्रूणांचं काय करायचं. हे सगळं मी कसंबसं मराठीत सांगितलं. मग उरलेल्या भ्रूणांच्या पर्यायांत एक शब्द आला, ‘डिस्कार्ड’. याला मराठीत काय म्हणू? फेकून देणे? नष्ट करणे? नष्ट होऊ देणे? परीक्षेत यातला कुठलाही लिहिला तरी गुण मिळतील. पण दर रविवारी मिस्सेला जाणाऱ्या बाईच्या कानाला हे तीन शब्द तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिल्यात कचरा आहे, दुसऱ्यात पाप आहे, तिसऱ्यात निदान थोडी हतबलता आहे. मी तिन्ही सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “तूच सांग, कुठं टिक करू?”

मी म्हटलं, काका येऊ देत, दोघांनी मिळून ठरवा. पण तेवढा वेळ काउंटरवर कुणाला द्यायचा नव्हता, पुढच्या नंबरचा पुकारा झाला होता. एकवीस वर्षांच्या भाचीकडून भाषांतर करून घेऊन इतका मोठा निर्णय कागदावर उतरवायचा, आणि त्याला संमती म्हणायचं? आपल्याकडे २०२१ चा सहायक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायदा आहे. तो लेखी आणि समजून दिलेली संमती मागतो. यशाची शक्यता, धोके, खर्च हे सगळं जोडप्याला समुपदेशनातून सांगावं, असं तो दवाखान्याला बजावतो. भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या क्षणापर्यंत संमती मागे घेण्याचा हक्कही देतो. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं साठवता येतात, त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा संमतीने संशोधनाला द्यायचे, असं त्यात म्हटलंय. हे सगळं चांगलं आहे. पण न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर मिळालेला हक्क किती उपयोगाचा? सीमाभागात आपण फलकांवरच्या भाषेसाठी इतकी वर्षं भांडतोय. फॉर्मवरच्या भाषेसाठी कुणी भांडल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि हे मराठीपुरतं नाही, बैलहोंगलकडून आलेल्या कन्नड बाईलाही तो इंग्रजी फॉर्म तितकाच परका आहे.

मावशीचं पुढे काय झालं, असं तुमच्या मनात आलं असेल. ते मी इथे सांगणार नाही. या लेखाचा मुद्दाच तो आहे.

फलकावरच्या टक्केवारीबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण ‘राहिलं का?’ची घाई तिथूनही येते. ‘यश’ म्हणजे कशाचं यश? रक्ताच्या तपासणीत गर्भ दिसला, याला कुणी यश म्हणतं. कुणी सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसल्यावर म्हणतं. मूल हातात आलं तरच यश, असं घरच्यांना वाटतं. हे तीन आकडे वेगळे असतात आणि शेवटचा सगळ्यात लहान असतो. शिवाय भागाकार कशाने केला? उपचार सुरू केलेल्या सगळ्या बायकांनी, की भ्रूण सोडण्यापर्यंत पोचलेल्यांनीच? ज्यांची बीजंच नीट मिळाली नाहीत किंवा ज्यांचे भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत टिकले नाहीत, त्या दुसऱ्या हिशोबातून आपोआप गळतात. पंचविशीतल्या आणि चाळिशीतल्या बायकांची एकच सरासरी काढली तर तीही फसवी. आकडा मोठा दिसावा म्हणून एकाऐवजी दोन-तीन भ्रूण सोडण्याचा मोह होतो, आणि मग जुळ्या-तिळ्यांची वेळेआधीची बाळंतपणं आई आणि बाळं सोसतात. म्हणून शक्य तिथे एका वेळी एकच भ्रूण सोडावा, या मताचे डॉक्टर आता वाढतायत. फलक वाचताना हे प्रश्न आपण विचारले पाहिजेत. बाईला विचारण्यापेक्षा फलकाला विचारणं जास्त योग्य.

या टप्प्याचा इतिहासही माणसांना घाईने ताडल्याचा आहे. इंग्लंडमध्ये पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांनी अनेक बायकांमध्ये भ्रूण सोडून पाहिले, वर्षानुवर्षं हाती काही आलं नाही. शेवटी २५ जुलै १९७८ ला लुईस ब्राउन जन्मली. आपल्याकडे कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून ३ ऑक्टोबर १९७८ ला ‘दुर्गा’ जन्मली. त्यांनी भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवला आणि नंतरच्या पाळीच्या चक्रात गर्भाशयात सोडला, कारण इंजेक्शनं दिलेल्या त्याच महिन्यात गर्भाशयाचं अस्तर तितकं अनुकूल नसतं असं त्यांना वाटलं. आज जगभर हेच रोज केलं जातं. पण सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांना बोलू दिलं नाही, त्यांची बदली नेत्रविभागात झाली. १९ जून १९८१ ला त्यांनी जीव दिला. पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नातून हर्षा जन्मली, आणि देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. मुखोपाध्यायांची कागदपत्रं पाहिल्यावर मात्र आनंद कुमार यांनीच १९९७ मध्ये लिहून जाहीर केलं की पहिला मान त्यांचा आहे. आपल्या नावावरचा मान दुसऱ्याला देणारी अशी माणसं विरळाच.

आता माझ्या घरातला, म्हणजे चर्चचा प्रश्न. तो टाळून हा लेख पुरा होणार नाही. कॅथलिक चर्चला आयव्हीएफ मान्य नाही. १९८७ च्या ‘दोनुम व्हिते’ या दस्तऐवजात आणि २००८ च्या ‘दिग्नितास पर्सोने’मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. मूल पतिपत्नीच्या मीलनातून यावं, प्रयोगशाळेतून नव्हे, आणि भ्रूण तयार करून गोठवणं, टाकून देणं हा मानवी जिवाचा अवमान आहे, अशी ती भूमिका. मला यातला दुसरा मुद्दा गंभीर वाटतो. लागणार एक-दोन आणि तयार करायचे दहा, हा प्रश्न मावशीच्या फॉर्मवर मी प्रत्यक्ष पाहिला. श्रद्धा नसलेल्या माणसालाही तो टाळता येऊ नये.

पण तत्त्व घेऊन निघालं आणि बाईकडे पाहिलंच नाही तर काय होतं, त्याचं उदाहरण इटलीत आहे. २००४ च्या कायद्याने तिथे तीनपेक्षा जास्त भ्रूण तयार करायला बंदी घातली, आणि तयार झालेले सगळे एकदमच सोडायची सक्ती केली. भ्रूण वाचवायला केलेला नियम बाईच्या प्रकृतीवर उठला. २००९ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो भाग रद्द केला.

आणि पॅरिशमध्ये काय होतं? दस्तऐवजाचा ‘नाही’ तेवढा लोकांना पाठ असतो. त्याच ‘दोनुम व्हिते’त असंही आहे की अपत्यहीन जोडप्यांचं दुःख सगळ्यांनी समजून घ्यावं, आणि मूल कसंही जन्मलं तरी ते देवाची देणगी मानून प्रेमाने वाढवावं. हा भाग कुणी सांगत नाही. लुईस ब्राउन जन्मली तेव्हा व्हेनिसचे कार्डिनल अल्बिनो लुचानी यांना विचारलं गेलं होतं. त्यांनी चर्चची भूमिका सोडली नाही. पण बाळाला शुभेच्छा दिल्या आणि आईवडिलांना दोषी ठरवण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं सांगितलं. काही आठवड्यांतच ते पोप जॉन पॉल पहिले झाले. तत्त्व आणि माया एकाच तोंडात राहू शकतात, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

बायबलमध्येही हा प्रसंग आहेच. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्ना मुलासाठी शिलोच्या मंदिरात रडत प्रार्थना करते. ओठ हलतायत, आवाज फुटत नाही. एली याजक लांबून बघतो आणि ही बाई प्यायलेली आहे असं ठरवून तिला दटावतो. ती नम्रपणे सांगते, मी प्यायलेली नाही, मी दुःखी आहे. मग तो आशीर्वाद देतो. हे लहानपणापासून मी ‘देवाने हन्नाचं ऐकलं’ अशी गोष्ट म्हणून ऐकत आले. आता मला त्यातला एलीच जास्त दिसतो. त्याने आधी ताडलं, मग ऐकलं. आपण अजून पहिल्यावरच अडकलोय.

यावर कुणी म्हणेल, अगं, आम्ही काळजीपोटी विचारतो. मान्य. बहुतेक जण खरंच मायेने विचारतात. पण विचार करा, उत्तर ‘हो’ असेल तर पहिल्या तीन महिन्यांत ते टिकेल की नाही हे तिलाही माहीत नसतं. ‘नाही’ असेल तर तुमचं समाधान करण्यासाठी तिला तो शब्द पुन्हा एकदा उच्चारावा लागतो. चार नातेवाईक, तीन शेजारणी आणि ऑफिसातल्या दोघी म्हणजे नऊ वेळा. सांगायचं असेल तेव्हा ती स्वतः सांगेल. तोवर डबा पोचवा, सोबत दवाखान्यात जाऊन बसा, आणि काळजी वाटलीच तर तिच्या नवऱ्यालाही विचारा, ‘तू कसा आहेस?’

आपल्या मंडळाला एक काम सुचवते. दरवर्षी आपण मराठी भाषा दिनाला शुद्धलेखनाची स्पर्धा घेतो. यंदा त्यासोबत दहाबारा जणांनी बसून या उपचारातल्या शब्दांची चार पानांची साध्या मराठीतली पुस्तिका करू या. नर्सिंगच्या मैत्रिणींना घेऊ, एखाद्या डॉक्टरांकडून तपासून घेऊ, कन्नड विभागाला बरोबर घेतलं तर त्यांचीही होईल. ‘ट्रान्सफर’ला ‘सोडणे’, ‘इम्प्लांटेशन’ला ‘रुजणे’ इथून सुरुवात करता येईल. ‘डिस्कार्ड’वर आपलं भांडण होईल. ते व्हायलाच हवं, कारण तो शब्द सही करणाऱ्या बाईने एकटीने सोडवायचा नाही. ज्यांना यात यायचं आहे त्यांनी पुढच्या शनिवारच्या बैठकीत नावं द्यावीत.